पाठमोरी सोबत

एका बाजारगावी एक वृद्ध पशुवैद्य राहत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, दोन खोल्यांचा दवाखाना थाटला होता. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. बैलाच्या खुरापासून पोपटाच्या पंखापर्यंत वाटेल ते दुखणे त्यांच्या दारी येई आणि तात्या कोणालाही परत पाठवीत नसत. त्यांचे बोलणे थोडे असे, आणि तेही पुष्कळदा अर्ध्यावर सोडलेले.

त्यांच्या हाताखाली शिकायला शाल्मली नावाची एक तरुण पशुवैद्य येऊन राहिली होती. विद्येत ती कमी नव्हती. हात हलका होता, नजर नेमकी होती. पण आपण केले ते नीट झाले की नाही, याची ग्वाही मिळाल्यावाचून तिला चैन पडत नसे. कधी तिने पिठले केले, तर पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघत राही. तात्या मान खाली घालून जेवत. मग तीच विचारी, "बरं झालंय ना, तात्या?" तात्या हुंकार देत आणि ताटात आणखी वाढून घेत. तेवढ्याने तिचे समाधान होत नसे.

आंब्याचे दिवस सरत आले होते. एके सकाळी गुळाचे व्यापारी बसाप्पाशेठ आपली कुत्री दोन्ही हातांवर आडवी घेऊन दवाखान्यात शिरले. कुत्रीचे नाव काजळी. काळीभोर, छातीवर तेवढा पांढरा ठिपका. शेठांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर तिची कायमची जागा असे, आणि गिऱ्हाईक तिला ओलांडूनच आत जाई. आता तिची मान लोंबत होती.

"तात्या, हिला वाचवा," शेठ म्हणाले. "कालपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नाही हिच्या."

तात्यांनी पोट चाचपले, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि शाल्मलीकडे बघितले. तिनेही चाचपले. बोटांना काहीतरी कठीण, लांबट लागले.

"कोय गिळलीय," ती म्हणाली. "आतड्यात अडकलीय. पोट उघडावं लागेल."

तात्यांच्या हाताला अलीकडे कंप सुटला होता. शस्त्र शाल्मलीने धरले, तात्या नुसते शेजारी उभे राहिले. तिच्या आयुष्यातली ही पहिलीच एकटीने केलेली मोठी शस्त्रक्रिया. तिने आतडे उघडून कोय काढली, आतडे शिवले, मग पोटाचा आतला थर शिवला, मग वरची कातडी. शेवटची गाठ मारली तेव्हा तिचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तात्यांनी टाके पाहिले, म्हणाले, "हं," आणि काजळीला उचलायला पुढे झाले.

मागच्या खोलीत तिची व्यवस्था केली. फरशी गुळगुळीत होती, पाय घसरून पोटाला हिसका बसू नये म्हणून तात्यांनी सगळीकडे गोणपाट अंथरले. निजायला जाड गोधडी, तीही जमिनीलगत, म्हणजे चढउतार नको. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचे पसरट झापड बांधले. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले, म्हणजे झापडासकट तोंड पोहोचेल. खिडकीला पंचा लावला. थोडी थोडी पातळ पेज द्यायची, वेदनेचे औषध वेळच्या वेळी द्यायचे, आणि देहधर्मासाठी पोटाखालून कापडाचा आधार देऊन अंगणात नेऊन आणायचे, एवढे त्यांनी शाल्मलीला सांगितले.

शाल्मलीने हे सारे निगुतीने केले. पण त्याखेरीज ती आणखीही एक करी. हातातले काम टाकून ती पुन्हा पुन्हा मागच्या खोलीच्या दारात जाई, उकिडवी बसे आणि काजळीच्या डोळ्यांत पाहत विचारी, "काजळे, बरी आहेस ना गं?"

काजळी मान उचली. झापड जमिनीवर खरवडे. मग तिची शेपटी गोधडीवर आपटू लागे. ते पाहून शाल्मलीच्या जिवाचे ओझे उतरे. अर्धा प्रहर जात नाही तोच ते परत चढे आणि ती पुन्हा दारात येऊन उभी राही.

बसाप्पाशेठ तर सकाळ, दुपार, संध्याकाळ येत. त्यांची चाहूल अंगणातच लागे. "काजळे! अगं ए काजळे! कोण आलंय बघ की!" आवाज ऐकताच काजळी पुढचे पाय रोवी, मागचे पाय लटपटत उभे करी आणि पाठीपासून शेपटीपर्यंत सारे अंग हलवी. शेठांचे डोळे भरून येत.

"बघा की डॉक्टरीणबाई," ते म्हणत, "निम्मं दुखणं मला बघूनच पळालं तिचं."

या साऱ्यात तात्यांचे वागणे मात्र विचित्र होते. दुपारी रिकामा वेळ मिळाला की ते मागच्या खोलीत जात, काजळीपासून हातभर अंतरावर बसत आणि तिच्याकडे चक्क पाठ करीत. जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन ते वासरांसाठी मऊ दावी वळत बसत. काजळीला हाक नाही, तिच्यावरून हात फिरवणे नाही, एकदा वळून बघणेसुद्धा नाही.

शाल्मलीला ते खटकले. एकदा ती म्हणालीच, "तात्या, तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही."

"बसलोय ना तिच्याजवळ."

"पण पाठ करून?"

"हं," तात्या म्हणाले आणि दाव्याला आणखी एक पीळ घातला.

म्हातारपणी माणूस कोरडा होतो, असे शाल्मलीच्या मनात येऊन गेले. हजारो जनावरे हाताखालून गेली, एका कुत्रीचे काय एवढे, असेही आले. ते विचार तिने लगेच दूर सारले, पण ते येऊन गेले हे खरे.

मग एका संध्याकाळी शेठ दुकान बंद करून आले, येताना पळीभर तूप घातलेला शिरा घेऊन आले, आणि नेहमीप्रमाणे अंगणातूनच त्यांनी हाक दिली. काजळी उठली. आज ती नुसती उभी राहिली नाही. मागच्या पायांवर होऊन तिने पुढचे पाय शेठांच्या धोतरावर टेकायचा प्रयत्न केला, आणि तशीच एक बारीक, तुटका आवाज करून खाली बसली. शाल्मली धावली. पोटाखालची पट्टी ओली झाली होती. पट्टी काढली तर जखम सुजली होती, आतून पाणी झिरपत होते, आणि मधला टाका कातडी फाडून सुटला होता.

तात्यांनी काजळीला आडवे धरले, शाल्मलीने जागा बधिर करून पुन्हा टाका घातला. आतला थर शाबूत होता. तो उघडला असता तर काजळी वाचली नसती, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि शेठांना ते सांगावे लागले नाही. ते भिंतीला टेकून उभे होते. हातातला शिऱ्याचा डबा अजून तसाच होता.

हात धुता धुता शाल्मलीचा राग उफाळून आला. शेठ अंगणात गेल्यावर ती म्हणाली, "तात्या, या माणसाला आता येऊ देऊ नका. शिकलासवरलेला मोठा व्यापारी, पण एवढं कळू नये? माझे टाके चांगले होते. याच्या लाडानं तुटले."

"येऊ नको म्हणून सांगतो त्याला," तात्या म्हणाले.

"बरं झालं."

"आणि तूही जाऊ नकोस आत."

शाल्मलीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "मी? मी तर तिची काळजी घेते आहे."

"औषधाच्या वेळी जा, पेज घालायला जा, पट्टी बघायला जा. एरवी नाही."

एवढे सांगून तात्या काजळीपाशी जाऊन बसले. शाल्मली जेवलीही नाही धड. चूक एकाची आणि शिक्षा दोघांना, हा कुठला न्याय, हेच ती मनात घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेठ आले तेव्हा तात्यांनी त्यांना ओट्यावरच थांबवले. शेठांचा चेहरा लाल झाला.

"माझं जनावर, आणि मलाच बंदी? तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून गप्प आहे. नाहीतर आत्ता गाडी बोलावतो आणि शहरातल्या दवाखान्यात नेतो तिला. तिथं तरी भेटू देतील."

इतक्या लांबच्या खाचखळग्यांच्या रस्त्याने नेणे म्हणजे काय, हे शाल्मलीला कळत होते. ती पुढे होऊन काही बोलणार, तोच तात्या शांतपणे म्हणाले, "न्या, शेठ. तुमचीच आहे. पण नेण्याआधी एकदा माझ्याबरोबर आत बसा. मी सांगतो तसं. मग काय ते ठरवा."

दारात भुईमुगाच्या शेंगांचे पोते पडले होते, कोणा शेतकऱ्याने आणून टाकलेले. तात्यांनी त्यातल्या दोन सूप शेंगा काढल्या, एक सूप शेठांच्या हाती दिले, एक शाल्मलीच्या.

"हाक मारायची नाही. बघायचं नाही. तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि शेंगा फोडायच्या."

"हे काय खुळ्यासारखं?" शेठ म्हणाले, पण सूप त्यांनी घेतले होते.

तिघे आत गेले. काजळीने मान उचलली. शेठांच्या पावलांना ती ओळखत होती. शेपटी एकदा आपटली, दुसऱ्यांदा आपटली. शेठ पाठ करून बसले. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. वळून बघण्याचा मोह माणसाला किती ओढतो, हे शाल्मलीला स्वतःच्या मानेवरून समजत होते. तिने शेंग फोडली. शेठांनी फोडली. पाठीमागे झापड जमिनीवर खरवडले. काजळी उठायच्या बेतात होती.

शेठांनी पुढची शेंग उचलली.

काजळी थांबली असावी. हाक येते का, याची वाट पाहत असावी. बराच वेळ शेंगांचा कटकट आवाज तेवढा चालू होता. मग मागून एक लांब सुस्कारा ऐकू आला, आणि गोधडीवर अंग सैल टाकल्याचा मऊ आवाज. आणखी काही वेळाने श्वास एका लयीत चालू लागला. आणि त्या श्वासाबरोबर एक नवीनच आवाज येऊ लागला. काजळी झोपेत कण्हत होती.

शाल्मली दचकून वळली. "तात्या, तिला दुखतंय!"

"दुखतंयच," तात्या हळू आवाजात म्हणाले. "पोट फाडलंय तिचं. पहिल्या दिवसापासून दुखतंय. आज कण्हायला सवड मिळाली तिला."

शेठांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण ती तर मला बघून नाचायची, तात्या."

"शेठ, तुम्ही तिला रोज काय विचारत होता? आणि शाल्मली, तू?"

"बरी आहेस ना, म्हणून," शाल्मली म्हणाली.

"तो प्रश्न नव्हता. ती विनवणी होती. बरी आहे म्हण, म्हणजे मला बरं वाटेल. तुमचा जीव घाबरलेला, शेठ. हिचाही घाबरलेला, कारण पहिल्यांदा एकटीनं सुरी धरली होती. दोघंही आपापली भीती घेऊन तिच्यापुढं जाऊन बसलात. कुत्र्याच्या जातीला आपल्या माणसाची भीती बघवत नाही. मग ती उठायची, शेपटी हलवायची, तुमची समजूत काढायची. ते काम तिनं केलं, नेमानं केलं. पण त्या कामाला लागणारं बळ तिनं त्याच फाटक्या पोटातून काढलं."

शेठांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग त्यांनी विचारले, "म्हणजे लळा लावला हेच चुकलं का?"

"छे. लळा नसता तर ती इथवर आली असती का? जवळ बसावं, दिवसभर बसावं. फक्त आपण आलो याची पोच तिच्याकडून मागू नये."

"आणि पाठ का?" शाल्मलीने विचारले.

"डोळे विचारत राहतात गं," तात्या म्हणाले. "आपल्याला वाटतं आपण नुसतं बघतोय. पट्टी बघायची तेव्हा नीट डोळे लावून बघ. ते काम आहे. बाकीचं बघणं बहुतेक आपल्यासाठीच असतं."

शाल्मलीला कालचा राग आठवला आणि तिचे कान तापले. टाका लाडाने तुटला, असे ती म्हणाली होती. त्या लाडात आपलाही वाटा होता, आणि तो लाडसुद्धा नव्हता. तिला काजळीच्या शेपटीकडून शाबासकी हवी होती. ती उठली, कण्हणे ऐकून काजळीच्या औषधाची मात्रा थोडी वाढवावी का, हे तिने तात्यांना विचारले. तात्यांनी मान डोलावली. इतके दिवस ती शेपटी पाहून मात्रा ठरवीत होती.

शेठांनी गाडी बोलावली नाही. त्या दिवसापासून ते तिन्ही वेळेला येत ते वहाणा फाटकापाशीच काढून. आत येऊन पाठ करून बसत. शेंगा संपल्यावर त्यांनी चिंच सोलायला घेतली. सुरुवातीला दोनदा हाक त्यांच्या ओठांवर आली आणि त्यांनी ती खाकरून गिळली. काजळी आता त्यांच्या येण्याने उठत नसे. कान तेवढा हलवी आणि पुन्हा डोळे मिटून घेई. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा शेठांना वाईट वाटले, ते त्यांच्या पाठीवरूनही दिसले. मग त्याचीही सवय झाली. जखमेची सूज उतरली, कडा जुळू लागल्या. एका दुपारी काजळी आपल्या पायांनी, आपल्या वेळेला उठली, शेठांच्या पाठीपाशी आली आणि त्यांच्या कमरेला पाठ लावून निजली. शेठ चिंच सोलत राहिले. चिंचेतले चिंचोके त्यांच्या हातून चुकीच्या टोपलीत पडत होते, पण त्यांनी वळून पाहिले नाही.

टाके काढायचा दिवस आला. शाल्मलीने एकेक टाका कापून ओढून काढला. काजळी उभी होती आणि शेठ भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे तिची चुळबुळ नको. झापड सोडल्यावर काजळीने पहिल्यांदा स्वतःचा कान मनसोक्त खाजवला. आणखी पंधरवडाभर उड्या नकोत, जिना नको, पोटभर एकदाच खाणे नको, असे शाल्मलीने सांगितले. शेठांनी सारे ऐकून घेतले. निघायच्या वेळी ते दारात घुटमळले.

"तात्या, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "माझी लेक, दाक्षायणी, माहेरी आलीय. दोन महिने झाले. सातव्या महिन्यात मूल गेलं तिचं. ऑपरेशन करावं लागलं."

शाल्मलीच्या हातातली कात्री थांबली. इतके दिवस हा माणूस इथे येऊन बसत होता आणि यातले अवाक्षर त्याने काढले नव्हते.

"घरी माणसांची रीघ," शेठ सांगत होते. "येणारा प्रत्येक जण विचारतो, कशी आहेस गं. ती हसते, उठून चहा टाकते, बरी आहे म्हणते. मीही रोज सकाळी दारात उभा राहून विचारायचो, बरी आहेस ना बाळ? 'बरी आहे अण्णा' म्हणायची. मी खूश होऊन दुकानाला जायचो. सगळ्यांना सांगायचो, पोर मोठी धीराची आहे."

तात्या दाराच्या चौकटीला टेकले.

"परवा मी काही विचारलं नाही. तिच्या खोलीत गेलो, कपड्यांचा ढीग पडला होता, तो घेऊन तिच्याकडे पाठ करून बसलो आणि घड्या घालायला लागलो. मला घड्या घालता येत नाहीत, तात्या. सगळ्या वाकड्या. ती मागं पलंगावर पडलेली. बराच वेळ गेला. मग ती रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा."

"मग तुम्ही काय केलंत?" शाल्मलीने विचारले.

"काही नाही," शेठ म्हणाले. "घड्या घालत राहिलो."

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले आणि अंगणात उतरले. काजळी त्यांच्या मागोमाग निघाली, हळू, अंग सांभाळत. फाटकाशी ती हुंगायला थांबली तेव्हा शेठही थांबले. तिचे हुंगून होईपर्यंत ते रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

शाल्मली दारात उभी होती. तात्यांना काहीतरी विचारावे असे तिला वाटले. आपण शस्त्रक्रिया कशी केली, एवढेच कदाचित. मग ती आत वळली, मागच्या खोलीतले गोणपाट गोळा करून उन्हात टाकले आणि फरशी धुवायला घेतली.

आजाऱ्याची विचारपूस जरूर करावी, पण त्याआधी आपल्याला उत्तर न देण्याची मोकळीक त्याला द्यावी.